पुणेकरांनी सायकली बुडवल्या असं म्हणू नका : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे
तसेच शहराच्या वाहतुकीचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

स.न.वि.वि.

मी शहराच्या मध्यवस्तीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर ते माझ्याकडे आलं. काही दिवसांपूर्वी आमच्या भागातले रहिवासी आणि मी एक साधा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. मेट्रो स्थानकापाशी भाड्याच्या सायकलींचा थांबा करावा, एवढीच मागणी होती. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच सांगितलं, "ते सगळं करून झालंय. लोकांनी सायकली चोरल्या, मोडल्या, नदीत टाकल्या. पुण्यात हे चालत नाही." अर्जावर आवक शिक्का मिळाला आणि आम्हाला निरोप मिळाला.

हे वाक्य मी चहाच्या टपरीवर, दुकानाच्या पायरीवर बरेचदा ऐकलं आहे. तिथे मी त्याच्याशी वाद घालते आणि सोडून देते. पण अर्ज नाकारण्याचं कारण म्हणून ते सरकारी टेबलावर आलं, तेव्हा मात्र गप्प बसवेना. एका फसलेल्या योजनेचा सगळा दोष शहरातल्या माणसांच्या चारित्र्यावर ढकलायचा आणि त्या जोरावर पुढची योजनाच करायची नाही, हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. ते आपल्यासाठी आहेच, पण ज्यांच्यावर हा ठपका बसला आहे त्या पुणेकरांनीही ते वाचावं.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. शहरात सायकली वाढल्या तर माझ्या दुकानाला काम मिळेल. पण याच धंद्यामुळे भाड्याची सायकल कशाने चालते आणि कशाने बंद पडते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

तासावर सायकल देणं पुण्याला नवीन नाही. एकेकाळी पेठांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर अशी दुकानं होती. आमच्याकडेही भाड्याच्या सायकली होत्या. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, मागे कॅरिअर, हँडलला घंटी. वहीत नाव, पत्ता, सायकलीचा नंबर आणि नेल्याची वेळ लिहायची. ओळखीचा माणूस असेल तर अनामत नाही. सुट्टीत मुलं हाफ सायकलीसाठी ताटकळत उभी राहायची. बाहेरगावाहून शिकायला आलेले विद्यार्थी महिन्याच्या बोलीवर सायकल नेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाणारे कामगार स्वतःची सायकल दुरुस्तीला टाकून त्या दिवसापुरती भाड्याची घेऊन जात.

सायकली चोरीला जायच्या. पण त्यामुळे धंदा बुडाला नाही. रात्री परत आलेली प्रत्येक सायकल वडील स्वतः हातात घेऊन बघत. हवा, ब्रेकची रबरं, चेनचा ताण, सीटची नळी सैल झाली आहे का, चाकात आउट, म्हणजे वाकडेपणा, आहे का. जिला काही झालं असेल ती दुरुस्त झाल्याशिवाय सकाळी बाहेर लावायची नाही, हा नियम होता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. धंदा मंदावला तो स्कूटर आली, लुना आली, मग हप्त्यावर मोटारसायकल मिळायला लागली तेव्हा.

आता 2017 चं बघू. त्या वर्षी डिसेंबरमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पुण्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या सायकल मार्गांचं जाळं आखलेलं होतं आणि सार्वजनिक सायकल योजनेचाही विचार होता. त्याच महिन्यात स्मार्ट सिटीमार्फत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि औंध भागात भाड्याच्या सायकली आल्या. पुढच्या काही महिन्यांत पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशी भाड्याच्या सायकलींची नावं पुणेकरांच्या तोंडी बसली. फुटपाथवर पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकटी आखल्या गेल्या. लोकांनी सुरुवातीला ही योजना उचलून धरली. विद्यापीठाच्या आवारात तर एका विभागातून दुसऱ्या विभागात सायकलने जाणारी मुलं सर्रास दिसू लागली होती. आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक सगळं नाहीसं झालं.

ते का झालं, याची नोंद जगाने बघितलेली आहे. ओफोने 2018 च्या मध्यालाच भारतातून गाशा गुंडाळला, कारण तिचं चीनमधलंच आर्थिक गणित कोलमडत होतं. त्या वर्षीच्या डिसेंबरात बीजिंगमध्ये तिच्या कार्यालयाबाहेर अनामत परत मागणाऱ्या लोकांच्या रांगा लागल्या होत्या. मोबाइक एप्रिल 2018 मध्ये मेइतुआन या चिनी कंपनीने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी परदेशातला पसारा आवरायला घेतला. गुंतवणूकदारांच्या पैशावर शहरामागून शहरं सायकलींनी भरून टाकायची आणि पैसा आटला की निघून जायचं, अशी ती दोन-तीन वर्षांची लाट होती. तिचा तडाखा डझनावारी देशांना बसला. डेक्कनवरच्या एखाद्या पोराने सायकलीचं कुलूप फोडलं म्हणून बीजिंगमधली कंपनी बुडाली, असं कोणी म्हणणार नाही.

मोडतोड आणि चोरी पुण्यात झाली, हे मी नाकारत नाही. सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचं कुलूप लावून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. स्कॅन करायचे कोड खरवडलेले पाहिले आहेत. ते चूकच होतं. पण हे कुठे झालं नाही? पॅरिसमध्ये जुलै 2007 मध्ये वेलिब ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. पहिल्या दोन वर्षांत तिथल्या हजारो सायकली चोरीला गेल्या आणि त्याहून जास्त मोडल्या गेल्या. सुरुवातीच्या ताफ्यातला फार मोठा भाग बदलावा लागला. तेव्हा पॅरिसने "आमचे लोक या लायकीचे नाहीत" असं म्हणून योजना गुंडाळली नाही. 2018 मध्ये ठेकेदार बदलताना तर आणखी गोंधळ झाला. थांब्यांना वीज नाही, सायकली सुटत नाहीत, लोक वैतागलेले. तरी महापालिका मागे लागून राहिली आणि वेलिब आज चालू आहे. ॲमस्टरडॅममध्ये 1965 साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली बिनकुलूप सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. 1995 मध्ये कोपनहेगनने नाणं टाकून सुटणाऱ्या सायकली आणल्या. प्रत्येक वेळी काहीतरी बिघडलं, आणि त्यातून पुढच्याने कुलूप सुधारलं, नोंद ठेवायची पद्धत सुधारली. आपण पहिल्याच ठेचेला घरी बसलो.

ही योजना सगळीकडे चालते असाही माझा दावा नाही. सिएटलची 2017 मध्ये बंद पडली, मेलबर्नची 2019 मध्ये. मेलबर्नमध्ये हेल्मेटची सक्ती होती आणि सायकलीला सोयीचे रस्ते कमी होते. म्हणजे चालणं-न चालणं हे शहर काय तयारी करतं त्यावर ठरतं. आपल्याकडे ती तयारी झाली नाही. माझ्या तक्रारी त्याबद्दलच्या आहेत.

पहिली तक्रार देखभालीची आहे. 2018 च्या पावसाळ्यानंतर एक मुलगा एक भाड्याची सायकल ढकलत आमच्या दुकानात घेऊन आला. नदीपात्रातल्या रस्त्याकडेला ती पडलेली होती. ती कोणाकडे द्यायची, एवढंच त्याला विचारायचं होतं. फ्रेमवरच्या नंबरला मी फोन केला. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने ॲपवर तक्रार नोंदवायला सांगितलं. ॲपमध्ये सायकल बिघडल्याची तक्रार होती, भाडं जास्त कापल्याची होती, "सायकल सापडली" असं काही नव्हतं. मग मी सायकल बघितली. पुढच्या चाकाचा आठ झालेला. चार तारा तुटलेल्या. पॅडल फिरवलं तर आतून कोरडा करकर आवाज, छर्ऱ्यांना वंगण मिळालंच नव्हतं. टायर भरीव होते, त्यामुळे पंक्चरचा प्रश्न नव्हता, पण मग खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ रिमला आणि तारांना बसतो. त्या तारा वरचेवर कसाव्या लागतात आणि त्या कोणी कसलेल्या नव्हत्या. कुलपाची बॅटरी संपलेली. नट उघडायला गेले तर आमचा एकही पाना बसेना. नाना पेठेच्या बाजारात चौकशी केली, तिथेही त्या मापाचं हत्यार नव्हतं.

ही सायकल कोणी हातोडा घालून मोडलेली नव्हती. ती झिजून मेली होती. योग्य हत्यार असतं तर चार तारा, आउट काढणं आणि वंगण, एवढं काम एका दुपारचं. ती कित्येक महिने आमच्या दाराशी उभी होती. शेवटी टेम्पो घेऊन आलेली दोन माणसं पोच न देता ती घेऊन गेली.

या शहरात सायकल दुरुस्त करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी एकालाही त्या ताफ्याशी जोडून घ्यावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. नट असे निवडले की चोराला उघडता येऊ नयेत, पण मग कारागिरालाही ते उघडता येईनात. एक मोडकी सायकल रस्त्यात पडून राहिली की शेजारच्या चांगल्या सायकलींकडेही लोक बेवारस म्हणून बघायला लागतात. मोडतोड तिथून वाढते. ती माणसांच्या स्वभावात आहे असं म्हणण्याआधी, आपण त्या सायकलींना कोणी वाली ठेवला होता का, हे विचारायला हवं.

दुसरी तक्रार थांब्यांची. भाड्याची सायकल घरापासून आणि कामाच्या जागेपासून चालत दोन-चार मिनिटांवर मिळाली तरच माणूस ती वापरतो. इन्स्टिट्यूट फॉर ट्रान्स्पोर्टेशन अँड डेव्हलपमेंट पॉलिसी या संस्थेने जगभरच्या योजना तपासून 2013 मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात साधारण दर 300 मीटरवर एक थांबा आणि एका चौरस किलोमीटरला 10 ते 16 थांबे, असं प्रमाण दिलेलं आहे. आपल्याकडे सायकली औंधला थोड्या, विद्यापीठात थोड्या, कोथरूडला थोड्या अशा शिंपडल्या गेल्या. सकाळी जिथे सायकल दिसली तिथे संध्याकाळी असेलच याची खात्री नाही. कामावर जायचं असलेला माणूस अशा भरवशावर घरून निघत नाही. तो दोन दिवस बघतो आणि तिसऱ्या दिवशी गाडीला किक मारतो.

तिसरी रस्त्याची, आणि ही सगळ्यात जुनी आहे. 2006 च्या सुमारास बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गांबरोबर, सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी सायकल ट्रॅक झाले, नंतर इतर रस्त्यांवरही झाले. त्यांच्यावरून सलग सायकल चालवून बघा, अशी मी आपल्याला मनापासून विनंती करते. सुरुवातीला चढायला उतार असतो. मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. मग मधोमध झाड, किंवा विजेचा डीपी. त्याला वळसा घातला की लावलेल्या दुचाकी. त्यातून वाट काढली की बसथांब्याची मागची बाजू, आणि शेवटी ट्रॅक संपतो तिथे वीतभर उंचीचा कट्टा, उतरायला उतार नाही. म्हणून सायकलवाला ट्रॅक सोडून रस्त्यावर येतो आणि मग म्हटलं जातं की ट्रॅक बांधूनही लोक वापरत नाहीत.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण तिथेही उन्हाळा कडक असतो आणि तिथेही सायकल जवळजवळ हद्दपार झाली होती. 2006-07 च्या सुमारास त्यांनी साधारण 80 किलोमीटरचं सलग, मोटारींपासून वेगळं केलेलं जाळं झपाट्याने बांधलं आणि 2007 मध्ये सार्वजनिक सायकली आणल्या. दोन्ही एकत्र. काही वर्षांतच शहरातल्या प्रवासात सायकलीचा वाटा एक टक्क्याच्या आतून सहा-सात टक्क्यांच्या घरात गेला. आपला आराखडा त्यांच्या जाळ्याच्या दहापट लांबीचा आहे, कागदावर. आधी दहा किलोमीटर सलग करून दाखवा.

याच मुद्द्यात पार्किंगही येतं. मार्च 2018 मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरणाला मंजुरी दिली. विरोध झाला, आणि ते वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं. रस्त्याच्या कडेची जागा गाड्यांना फुकट मिळत राहिली. मोटार उभी राहते त्या जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात, आणि त्या दिवसभरात अनेक माणसांच्या कामी येतात. ती जागा कोणाला द्यायची हा निर्णय आपल्या हातात आहे, वापरणाऱ्यांच्या स्वभावावर तो अवलंबून नाही.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. ही योजना कोणासाठी होती? "आता पुण्यात सायकल चालवतं कोण?" असं मला विचारलं जातं. माझ्या दुकानात येऊन बसा, म्हणजे दिसेल. पहाटे पेपर टाकणारी मुलं. सोसायट्यांचे वॉचमन, जे रात्रपाळी संपवून सायकलने घरी जातात. बांधकामावरचे मजूर. घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांना सकाळी चार ठिकाणची कामं गाठायची असतात आणि बसच्या दोन फेऱ्यांमधला वेळ परवडत नाही. शाळेतली मुलं. हे लोक आजही सायकल चालवतात, आणि शहराची सायकल योजना त्यांच्याशी बोललीच नाही. स्मार्टफोन हवा, त्यात इंटरनेट हवं, ऑनलाइन पैसे भरता यायला हवेत, पुन्हा काही ठिकाणी अनामत. सूचना इंग्रजीत. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींची सायकल चोरीला गेली होती. समोरच भाड्याच्या सायकली उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "ताई, ही कशी घ्यायची?" त्यांच्या साध्या फोनवर ती घेता येणार नव्हती. त्या चालत गेल्या.

चीनच्याच हांगझोऊ शहराने 2008 मध्ये वेगळा रस्ता धरला होता. तिथे सार्वजनिक सायकली शहराच्या बस कंपनीमार्फत आल्या. बसचंच कार्ड, पहिला तास फुकट, ठरलेले थांबे. ती योजना जगातल्या सर्वांत मोठ्या योजनांमध्ये गणली गेली. इतक्या लांब कशाला, म्हैसूरने 2017 मध्ये ट्रिन ट्रिन सुरू केली तेव्हा सुमारे 450 सायकली आणि 50 च्या आसपास ठरलेले थांबे होते, आणि कार्ड घेऊन सायकल काढता येत होती. आपल्याकडची सुरुवात त्याच वर्षाची. फरक एवढाच की तिथे थांबा जमिनीत पक्का रोवलेला होता आणि आपल्याकडे सायकल जिथे सोडाल तिथे.

पाचवी तक्रार थोडक्यात. जबाबदार कोण होतं? महापालिकेकडे गेलं की स्मार्ट सिटीकडे बोट, तिकडे गेलं की कंपनीकडे, आणि कंपनीकडे फक्त ॲप. महापालिकेला यात फारसा खर्च नाही, ही योजनेची मोठी जमेची बाजू म्हणून सांगितली जात होती. माझ्या मते तोच तिचा सर्वांत मोठा दोष होता. ज्यात आपला पैसा नाही त्याची काळजी कोणी घेत नाही. शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या संचलनातली तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका 60 आणि 40 टक्के अशी वाटून भरतात, आणि ते योग्यच आहे, कारण बस ही शहराची गरज आहे. तिकिटातून बसचा खर्च निघत नाही म्हणून बस बंद करा असं कोणी म्हणत नाही. मग सायकलीकडूनच पहिल्या दिवसापासून फुकटात चालण्याची अपेक्षा का?

आज परिस्थिती 2017 पेक्षा पुष्कळ अनुकूल आहे. तेव्हा मेट्रो नव्हती. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा सुरू झाला, मार्च 2024 मध्ये गाडी रामवाडीपर्यंत गेली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सिव्हिल कोर्टापासून कसबा पेठ, मंडईमार्गे स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाला. लोक मेट्रोने येतात आणि स्थानकाबाहेर पडून रिक्षा शोधतात, कारण उरलेलं अंतर चालायला जास्त आणि रिक्षावाल्याला कमी वाटतं. मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, अप्पा बळवंत चौक, डेक्कन, महापालिका भवन, ही सगळी एक-दोन किलोमीटरची अंतरं आहेत आणि रस्ता सपाट आहे. पाषाण, बावधन, कोंढव्याच्या चढांवर साधी सायकल दमवेल, हे मान्य. तिथून सुरुवात करा असं कोणी म्हणत नाही. पावसाचंही सांगितलं जातं. पाऊस आला तर दुचाकीवालाही आडोशालाच थांबतो.

आता मागण्या.

2017 पासून चाललेल्या प्रयोगाचा पूर्ण हिशोब लोकांसमोर ठेवा. किती सायकली आल्या, किती चोरीला गेल्या, किती नुसत्या बिघडून बाद झाल्या, तक्रारी किती आल्या, कंपन्यांशी काय करार होते, देखभालीच्या अटी होत्या का आणि त्या मोडल्याबद्दल दंड झाला का. मराठीत, महापालिकेच्या संकेतस्थळावर, कोणालाही वाचता येईल असा. तो येईपर्यंत एकाही अधिकाऱ्याने "पुणेकरांनी सायकली बुडवल्या" हे कारण कोणत्याही अर्जावर देऊ नये.

नवी योजना सगळ्या शहरात पातळ पसरू नका. डेक्कन, सिव्हिल कोर्ट, मंडई आणि स्वारगेट या मेट्रो स्थानकांमधला भाग घ्या. पाच चौरस किलोमीटर धरले तर वर सांगितलेल्या प्रमाणाने 50 ते 80 थांबे होतात. तेवढेच करा, पण पक्के करा. सायकल थांब्यालाच लावता येईल अशी व्यवस्था हवी.

सायकली महापालिकेच्या किंवा पीएमपीएमएलच्या मालकीच्या असाव्यात. चालवायला ठेकेदार नेमा, हरकत नाही. पीएमपीएमएल ठेकेदाराच्या बसला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. त्याच धर्तीवर इथे रोज सकाळी चालू स्थितीत असलेल्या सायकलीमागे पैसे द्या आणि बंद सायकलीमागे कापा. मग छर्ऱ्यांना वंगण आपोआप मिळेल.

दुरुस्तीचं काम भागातल्या सायकल दुकानांना वाटून द्या. प्रत्येक दुकानाला त्याच्या जवळचे चार-पाच थांबे. सुटे भाग असे निवडा की ते नाना पेठेत मिळतील. यासाठी दुकानदारांची बैठक बोलावलीत तर आम्ही यायला तयार आहोत, आणि सायकल निवडण्याआधी बोलावलीत तर जास्त उपयोग होईल.

मेट्रोच्या आणि बसच्या कार्डावर सायकल सुटायला हवी. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला मोठ्या थांब्यांवर ओळखपत्र दाखवून माणसाकडून ती घेता यायला हवी. पहिला अर्धा तास फुकट ठेवा. अनामत नको.

या भागातले सायकल मार्ग सायकली येण्याआधी सलग करा. नवीन बांधणं नंतर, आधी आहेत त्यांच्यावरचे डीपी, खांब आणि दुचाकी हलवा, जिथे ट्रॅक संपतो तिथे उतार करा. ट्रॅकवर गाडी लावणाऱ्यावर रोज कारवाई करा. नुसती मोहीम काढून भागणार नाही.

आणि या सगळ्याला एक अधिकारी जबाबदार असू द्या, ज्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक थांब्यावर मराठीत लिहिलेला असेल. सापडलेली सायकल कोणाकडे द्यायची, हे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देणारं कोणीतरी असायला हवं.

यातली पहिली मागणी पूर्ण करायला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. कागद आपल्याकडेच आहेत. ते महिनाभरात प्रसिद्ध करता येतील. या पत्राची छापील प्रत आवक शिक्क्यासह आपल्या कार्यालयात देत आहे. तिला लेखी उत्तर मिळावं, आणि ते आम्ही दिलेल्या थांब्याच्या अर्जाबद्दलही असावं, ही विनंती.

आपली,
मध्यवस्तीतली एक सायकल दुकानदार, पुणे